यातलं खरं चर्च कुठलं? कॅथेड्रल, बॅसिलिका, चॅपल आणि बाकीच्या नावांचा उलगडा

जुन्या गोव्यातला तो रस्ता आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असतो. एका बाजूला गिलावा नसलेली, तांबूस जांभ्या दगडाची भव्य इमारत आणि पलीकडे पांढरीशुभ्र, एकाच मनोऱ्याची दुसरी. डिसेंबरातल्या एका दुपारी मी तिथे उभा होतो. शेजारच्या काकूंनी मुलाला विचारलं, "अरे, यातलं खरं चर्च कुठलं?" मुलगा म्हणाला, "दोन्ही चर्चच आहेत गं. ते मोठं, हे फेमस." काकूंचं काही समाधान झालं नाही. "मग एकाला बॅसिलिका म्हणतात आणि एकाला कॅथेड्रल, असं का?" तेवढ्यात त्यांच्या बसचा हॉर्न वाजला आणि मंडळी पांगली. त्यांना द्यायचं राहून गेलेलं उत्तर इथे लिहितो आहे.

गेल्या काही काळात हा प्रश्न अनेकांना पडला असणार. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन खुलं होतं. हा सोहळा दर दहा वर्षांनी होतो. त्यात संतांची शवपेटी त्या तांबूस बॅसिलिकेतून निघते, रस्ता ओलांडते आणि पांढऱ्या कॅथेड्रलमध्ये ठेवली जाते. त्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांचं निधन झालं, मे महिन्यात पोप लिओ चौदावे आले, आणि बातम्यांतून रोममधल्या तीन-चार चर्चची नावं आपल्या कानांवर आदळत राहिली. चर्च, कॅथेड्रल, बॅसिलिका हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले गेले. खरं तर प्रत्येक शब्दाला नेमका अर्थ आहे आणि तो कळायला अजिबात अवघड नाही. फक्त एक सवय सोडावी लागते, ती म्हणजे इमारतीच्या आकारावरून तिचं नाव ठरवण्याची.

## आधी चर्च म्हणजे काय ते पाहू

आपल्या देवळाची रचना डोळ्यासमोर आणा. बाहेर सभामंडप, आत गाभारा. देवळाचा प्राण गाभाऱ्यात असतो. भाविक येतो, दर्शन घेतो, प्रदक्षिणा घालतो आणि निघतो. चर्चची मूळ कल्पना वेगळी आहे. तिथे लोकांनी ठरलेल्या वेळी एकत्र जमणं हीच उपासना. म्हणजे चर्च हा एका अर्थाने सगळाच सभामंडप. कोकणीत चर्चला इगर्ज म्हणतात. तो शब्द पोर्तुगीज 'इग्रेजा'वरून आला आणि पोर्तुगीज शब्द ग्रीक 'एक्लेसिया'वरून. एक्लेसिया म्हणजे सभा. आधी माणसांच्या मेळ्याचं नाव होतं, इमारतीला ते नंतर चिकटलं.

तेव्हा चर्च हा सगळ्यांना सामावून घेणारा शब्द झाला. कॅथेड्रल हेही चर्चच, बॅसिलिका हेही चर्चच. काकूंचा मुलगा चुकला नव्हता, त्याचं उत्तर फक्त अर्धं होतं.

## कॅथेड्रल ही एका खुर्चीची गोष्ट आहे

ग्रीक भाषेत 'काथेद्रा' म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये बिशपचं आसन असतं ते कॅथेड्रल. संपली व्याख्या. बिशप म्हणजे एका मोठ्या भागातल्या सगळ्या चर्चचा आणि धर्मगुरूंचा प्रमुख. त्या भागाला मराठी ख्रिस्ती मंडळी धर्मप्रांत म्हणतात.

मराठी माणसाला हे चटकन कळावं, कारण आपण 'गादी' हा शब्द याच अर्थाने वापरतो. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी असं म्हणताना कापूस भरलेली वस्तू कोणाच्या मनात येत नाही, अधिकार येतो. 'पीठ' या शब्दाचंही तेच. जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलच्या नावात तर ही गोष्ट दोनदा सांगितली आहे. 'से कॅथेड्रल' मधला 'से' हा पोर्तुगीज शब्द आहे आणि त्याचाही अर्थ आसन असाच. पुष्कळ ठिकाणी 'सी कॅथेड्रल' असं लिहिलेलं दिसतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की समुद्राशी काही संबंध असेल. तसा काही नाही.

कोणत्याही कॅथेड्रलमध्ये गेलात तर मुख्य वेदीच्या आसपास नीट पाहा. एक खुर्ची बाकीच्यांपेक्षा वेगळी असते, साधारणपणे उंच पाठीची, बऱ्याचदा वर बिशपचं मानचिन्ह. रोजच्या मिस्सेला, म्हणजे सामूहिक उपासनेला, धर्मगुरू दुसऱ्या आसनावर बसतात, ही खुर्ची रिकामी राहते. नवा बिशप येतो तेव्हा त्याला समारंभपूर्वक तिच्यावर बसवलं जातं आणि तिथून त्याच्या कारभाराला सुरुवात होते. बिशपचं पद रिकामं असेल तर खुर्चीही रिकामी.

आता आकाराचं. रायगड जिल्ह्यात पनवेल अलिबागपेक्षा कितीतरी मोठं, तरी जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग, कारण कलेक्टरची कचेरी तिथे. कॅथेड्रलचं असंच आहे. से कॅथेड्रल योगायोगाने प्रचंड आहे. १५६२ मध्ये काम सुरू झालं, मुख्य इमारत पुरी व्हायला १६१९ उजाडलं, आणि आशियातल्या सर्वांत मोठ्या चर्चमध्ये तिची गणना होते. पण तिच्याच जवळ, जरा मागच्या बाजूला, संत कॅथरीनचं लहानसं चॅपल आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, संत कॅथरीनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा शहर जिंकलं, त्याची आठवण म्हणून ते उभारलं. १५३४ मध्ये गोव्याला स्वतंत्र धर्मप्रांत मिळाला तेव्हा पोप तिसरे पॉल यांनी कॅथेड्रलचा दर्जा दिला तो या चॅपलला! पुढे ते पुन्हा बांधण्यात आलं. मला जुन्या गोव्यातली ही जागा सगळ्यांत बोलकी वाटते. पर्यटक तिच्यावरून पुढे निघून जातात, पण कॅथेड्रल या शब्दाचा अर्थ तिथे जितका स्वच्छ दिसतो तितका समोरच्या भव्य इमारतीतही दिसत नाही.

उलट उदाहरण पणजीचं. पायऱ्यापायऱ्यांचा नागमोडी जिना असलेलं ते पांढरं चर्च गोव्याच्या जवळजवळ प्रत्येक फोटोत असतं. राजधानीतलं, शहराच्या मध्यावरचं. त्यामुळे ते कॅथेड्रल असेल असं पुष्कळांना वाटतं, पण ते नाही. रोगराईमुळे जुनं गोवा ओस पडलं, १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला आली, आर्चबिशप, म्हणजे गोव्याचे मुख्य बिशप, राहायलाही पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवर आले. आसन मात्र ओसाड झालेल्या जुन्या शहरातच राहिलं, ते आजतागायत.

## पण कॅथेड्रल म्हणजे कॅथलिकांचं चर्च ना?

नावं सारखी वाटतात म्हणून हा गैरसमज होतो. कॅथलिक शब्दाचा अर्थ सार्वत्रिक. कॅथेड्रलशी त्याचं काही नातं नाही. ज्या ज्या ख्रिस्ती परंपरेत बिशप असतो, तिथे कॅथेड्रल असू शकतं.

मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल हे याचं उत्तम उदाहरण. सतराव्या शतकात सुरू झालेलं बांधकाम रखडलं आणि अर्धवट भिंती कित्येक वर्षं तशाच उभ्या होत्या. अखेर १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उपासनेसाठी उघडलं. ते होतं इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाचं. किल्ल्याच्या तटाचा जो दरवाजा या चर्चच्या दिशेला होता तो चर्चगेट. दरवाजा एकोणिसाव्या शतकात तटाबरोबर गेला, नाव स्टेशनात उरलं. रोज लाखो माणसं लोकलमधून उतरतात ते 'चर्च' म्हणजे हे.

पण १७१८ मध्ये ते कॅथेड्रल नव्हतं. १८३७ मध्ये मुंबईला थॉमस कार हे पहिले अँग्लिकन बिशप मिळाले, त्यांचं आसन इथे आलं आणि तेच चर्च कॅथेड्रल झालं. १९७० मध्ये उत्तर भारतातले अनेक प्रोटेस्टंट, म्हणजे पोपना न मानणारे, पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. आता हे त्यांचं कॅथेड्रल आहे. याउलट कुलाब्याचं अफगाण चर्च बघा. उंच निमुळता कळस, पहिल्या अफगाण युद्धातल्या मृतांचं स्मारक, १८५८ पासून उभं. दिमाख असा की कोणीही कॅथेड्रल म्हणेल. तिथे बिशपचं आसन नाही, म्हणून ते साधं चर्च.

## मग एकाच शहरात दोन-तीन कॅथेड्रलं कशी?

एका जिल्ह्याला एक कलेक्टर, तसा एका धर्मप्रांताला एक बिशप. पण प्रत्येक पंथाची जिल्हेवारी स्वतंत्र असते. फोर्टातलं सेंट थॉमस हे प्रोटेस्टंटांचं. तिथून थोड्या अंतरावर कुलाब्याला होली नेम कॅथेड्रल, ते रोमन कॅथलिकांच्या मुंबई महाधर्मप्रांताचं. कल्याणला आणखी एक. केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत वेगळा झाला. ही मंडळीही पोपनाच मानतात, पण त्यांची उपासनेची परंपरा निराळी, म्हणून बिशप निराळे. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, मुंबईतून वसई धर्मप्रांत निघाला. त्याचं कॅथेड्रल वसईच्या पापडी गावात आहे. धर्मप्रांत झाला त्या दिवशी कोणी नवी भव्य इमारत बांधली नाही. गावाच्या चर्चमध्ये बिशपचं आसन आलं, एवढंच.

## बॅसिलिका म्हणजे मान

आता रस्त्याच्या अलीकडच्या तांबूस इमारतीकडे या. बॉम जेझू, म्हणजे चांगला येशू, आणि इथे त्याचा अर्थ बाळ येशू. १५९४ मध्ये बांधकाम सुरू, १६०५ मध्ये पूर्ण. जेझुइट संघाच्या धर्मगुरूंनी ती बांधली. आत संत झेवियर यांची चांदीची शवपेटी उंचावर ठेवलेली आहे आणि खाली मान उंचावून बघणाऱ्यांची रांग लागलेली असते.

बॅसिलिका हा शब्द ख्रिस्ती धर्माच्याही आधीचा. प्राचीन रोममध्ये बॅसिलिका म्हणजे सार्वजनिक दालन. लांबट आयताकृती, दोन्हीकडे खांबांच्या ओळी, टोकाला अर्धगोल कोनाडा आणि त्यात न्यायाधीशाची बैठक. तिथे खटले चालत, व्यापाराचे सौदे होत. आपल्याकडचं कोर्ट आणि बाजार समिती एकाच छपराखाली कल्पावी. पहिली जवळपास तीनशे वर्षं ख्रिस्ती लोक बहुतांशी घरांमधून जमत. सन ३१३ नंतर, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, त्यांना उघडपणे मोठ्या वास्तू बांधता आल्या. तेव्हा त्यांनी रोमन देवळांचा नमुना उचलला नाही. त्या देवळांत मूर्ती आत आणि बळी देण्याची वेदी बाहेर, उघड्यावर असे. यांना तर शेकडो लोकांना आत, छपराखाली एकत्र बसवायचं होतं. त्यासाठी बॅसिलिकेचा नमुना तयारच होता. न्यायाधीशाच्या बैठकीच्या टोकाला वेदी आली आणि बिशप बसला.

हा झाला वास्तुशास्त्रातला अर्थ. कालांतराने दुसरा अर्थ रुळला आणि आज बातमीत तोच असतो. पोप एखाद्या चर्चला तिथल्या इतिहासामुळे, श्रद्धेमुळे किंवा महत्त्वामुळे विशेष सन्मान देतात, ते बॅसिलिका. इमारत चौकोनी असो की गोल, त्याने फरक पडत नाही. बॉम जेझूला हा मान १९४६ मध्ये मिळाला. त्याआधी जवळपास साडेतीनशे वर्षं ते नुसतं चर्च होतं, इमारत तीच.

पुण्यात गणपती पाहायला जाणाऱ्याला मानाचे गणपती आणि गर्दीचे गणपती यांतला फरक शिकवावा लागत नाही. कसब्याचा गणपती मानाचा पहिला, तो सगळ्यांत मोठा आहे म्हणून नव्हे. बॅसिलिका हा तसा मान आहे, फरक इतकाच की तो परंपरेने चालत येत नाही, रोमहून रीतसर जाहीर होतो. आणि मानाबरोबर त्याची चिन्हंही येतात. पहिलं चिन्ह म्हणजे छत्र, लाल-पिवळ्या पट्ट्यांची अर्धवट उघडलेली मोठी रेशमी छत्री. ज्यांच्या राजाच्या पदवीतच छत्र आहे त्या मराठी लोकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. पोप कधीही येतील, त्यांच्यासाठी छत्र तयार आहे, हा त्यातला भाव. दुसरं चिन्ह म्हणजे दांड्यावर बसवलेली छोटी घंटा, मिरवणुकीत पुढे वाजवायची. शिवाय दर्शनी भागावर किंवा झेंड्यावर एकमेकींवर ठेवलेल्या दोन किल्ल्या. स्वर्गाच्या किल्ल्या येशूने आपला शिष्य पीटर, म्हणजे कॅथलिकांच्या मते पहिले पोप, यांच्या हाती दिल्या, अशी श्रद्धा आहे, त्या या.

वांद्र्याच्या टेकडीवरची मोत माउली १९५४ पासून बॅसिलिका आहे. वेलांकनीची १९६२ पासून. वेलांकनीला किती लोटतात ते मराठवाड्यातल्या आणि मुंबईतल्या भाविकांना चांगलं ठाऊक आहे, पण त्या धर्मप्रांताच्या बिशपचं आसन तिथे नाही. ते तंजावरच्या कॅथेड्रलमध्ये आहे.

## सेंट पीटर्स तरी पोपचं कॅथेड्रल असेलच की?

नाही. बहुतेकांची इथेच विकेट पडते.

पोप हे जगभरच्या कॅथलिकांचे प्रमुख आहेत, पण ते मुळात रोमचे बिशप आहेत. बिशप म्हटल्यावर आसन आलं. ते व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समध्ये नसून रोम शहरातल्या सेंट जॉन लॅटरन या बॅसिलिकेत आहे. सन ३२४ मध्ये अर्पण झालेलं हे चर्च रोमचं कॅथेड्रल. पोप शतकानुशतकं लॅटरनलाच राहत. १३०९ पासून त्यांचा मुक्काम फ्रान्समधल्या अव्हिन्यॉंला गेला आणि परतल्यावर वस्ती व्हॅटिकनला झाली. घर हललं, गादी हलली नाही. पणजी आणि जुन्या गोव्याची तीच कथा. म्हणूनच पोप लिओ ८ मे २०२५ रोजी निवडून आले, सेंट पीटर्सच्या चौकात मोठा समारंभ झाला, आणि तरीही रोमचे बिशप म्हणून आसनावर बसायला ते २५ मे रोजी लॅटरनला गेले.

यावर जाणकार वाचक म्हणेल, सेंट पीटर्समध्ये तर शिल्पकार बेर्निनीने घडवलेलं कांस्याचं भलंमोठं आसन आहे! आहे. पीटरचं म्हणून जपलेली जुनी लाकडी खुर्ची त्याच्या आत बंद आहे. पण तो पूजनीय ठेवा आहे, त्यावर कोणी बसत नाही.

बॅसिलिकांमध्ये दोन दर्जे आहेत, थोर आणि लघु. थोर बॅसिलिका जगात चारच आणि चारही रोममध्ये: लॅटरन, सेंट पीटर्स, सेंट पॉल आणि सांता मारिया माज्जोरे. पोप फ्रान्सिस यांचं दफन या शेवटच्या बॅसिलिकेत झालं. या चार सोडून आपल्या ओळखीच्या सगळ्या लघु बॅसिलिका, अगदी बॉम जेझूसुद्धा. लघु म्हणजे लहान इमारत नव्हे, एवढं ध्यानात असू द्या.

एक वास्तू दोन्ही असू शकते हे लॅटरनवरून आलंच लक्षात. आसन ही एक गोष्ट, मान ही दुसरी. चेन्नईचं सान थोमे असंच आहे, आर्चबिशपचं आसनही तिथे आणि बॅसिलिकेचा मानही. बार्सिलोनाची सग्राडा फॅमिलिया २०१० पासून बॅसिलिका आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये ती जगातली सर्वांत उंच चर्च झाली, पण त्या शहराचं कॅथेड्रल वेगळंच आहे. तिने ज्याला मागे टाकलं ते जर्मनीतलं उल्मचं चर्च १८९० पासून सर्वांत उंच होतं. ते लुथरन पंथाचं आहे आणि कधीच कॅथेड्रल नव्हतं. सव्वाशेहून जास्त वर्षं जगातल्या सगळ्यांत उंच चर्चमध्ये बिशपची खुर्ची नव्हती!

## अर्ध्या झग्यातून आलेलं चॅपल

चॅपल शब्दामागची गोष्ट मला फार आवडते. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन सैनिक होता. कडाक्याच्या थंडीत वेशीवर कुडकुडणारा भिकारी त्याला दिसला. मार्टिनने तलवारीने आपल्या झग्याचे दोन तुकडे केले आणि एक त्याला दिला. पुढे मार्टिन संत झाला. त्याचा तो झगा, लॅटिनमध्ये 'कापेल्ला', जिथे जपून ठेवला त्या जागेला तेच नाव पडलं. तोच शब्द इंग्रजीत चॅपल झाला आणि कोकणीत कपेल.

चॅपल म्हणजे ठरावीक मंडळींसाठी किंवा ठरावीक हेतूसाठी असलेली छोटी प्रार्थनेची जागा. इस्पितळातली, शाळेतली, ननांच्या मठातली. मोठ्या चर्चच्या आतही बाजूला लहान लहान चॅपल असतात. गोव्यात तर वाड्यावाड्यावर कपेल दिसते. गावाची इगर्ज एक, वाड्यांच्या कपेली अनेक. वर्षातून एकदा त्या त्या संताचं फेस्त, म्हणजे सण, होतं तेव्हा वाडा जागा होतो. ग्रामदेवतेचं मंदिर आणि वाडीतली घुमटी हे नातं आठवा.

त्याहून लहान म्हणजे रस्त्याकडेचा क्रूस, गोव्यात खुरीस. मुंबईच्या गावठाणांत, गल्लीच्या तोंडाशी असे क्रूस दिसतात. त्यांतले बरेच १८९६ च्या प्लेगच्या वेळचे आहेत. साथ ओसरावी म्हणून नवस बोललेल्या लोकांनी उभारलेले. तिथे ना आसन, ना छत्र, ना छप्पर. संध्याकाळी कोणीतरी मेणबत्ती लावून जातं.

## माहीमचं चर्च यात कुठे बसतं?

बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या नोवेनाला, म्हणजे तिथल्या खास प्रार्थनेला, सर्व धर्मांचे लोक येतात. रस्त्यावर वाहनं अडतात एवढी गर्दी. ते कॅथेड्रल नाही, बॅसिलिकाही नाही. पुन्हा पुण्याकडे वळायचं तर दगडूशेठच्या गणपतीला मानाच्या पाचांत स्थान नाही, म्हणून गर्दी थोडीच कमी होते?

जिथे लोक नवस बोलायला, यात्रेला म्हणून लांबून येतात त्याला तीर्थस्थान म्हणतात. हरेगावची मतमाउली, नाशिक रोडचा बाळ येशू ही आपल्याकडची ठळक नावं. मोत माउली बॅसिलिकाही आहे आणि तीर्थस्थानही. तिच्या सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याला ज्याची गरज त्याने ते विकत घ्यायचं आणि माउलीपुढे ठेवायचं. मेणाचं घर हातात धरून चढ चढणाऱ्या बाईला त्या वास्तूचा दर्जा कोणता हे ठाऊक असायची गरज नसते.

वेस्टमिन्स्टर ॲबी मात्र या कोणत्याच खणात बसत नाही. ॲबी म्हणजे मठ. तिथले संन्यासी सोळाव्या शतकातच गेले. नंतर काही वर्षं ती कॅथेड्रल होती, आता तीही नाही. ती कोणत्याही बिशपच्या हाताखाली नसून थेट राजाच्या अखत्यारीत आहे. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला तो तिथे. जवळच वेस्टमिन्स्टर कॅथेड्रल नावाची दुसरीच लाल विटांची इमारत आहे आणि ती कॅथलिकांची.

## आणि ज्यांच्यात बिशपच नाहीत ते?

प्रोटेस्टंट परंपरेतल्या अनेक पंथांत बिशप हे पद नाही. मंडळीतले वडीलधारे आणि पाळक मिळून कारभार पाहतात. मुक्तिफौजेत तर लष्करासारखी पदं असतात. तिथे कॅथेड्रलचा प्रश्न येत नाही आणि बॅसिलिका हा पोपने द्यायचा मान असल्यामुळे तोही नाही. अपवाद म्हणून ग्लासगोचं कॅथेड्रल आहे. तिथल्या पंथात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून बिशप नाहीत, जुनं नाव तेवढं राहिलं.

आत शिरल्यावर परंपरा ओळखायची तर वेदीजवळ अखंड तेवणारा लाल दिवा शोधा. तो दिसला, भिंतीवर येशूच्या क्रूसवाटेची, म्हणजे त्याच्या शेवटच्या प्रवासाची, चौदा चित्रं दिसली, संतांच्या मूर्ती दिसल्या, तर बहुधा चर्च कॅथलिक आहे. उलट समोर मधोमध प्रवचनाचं पीठ, साधं मेज आणि भिंतीवर वचन असेल तर प्रोटेस्टंट. काही ठिकाणी व्यासपीठाजवळ छोटा हौद असतो, कारण तिथे मोठ्या माणसांना पूर्ण पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. आणि पाटीवर 'चर्च' असेलच असं नाही. पुण्यात पंचहौदला 'पवित्र नाम देवालय' आहे. ना. वा. टिळकांची भजनं मराठी उपासनेत पेटी-तबल्यावर म्हणतात तेव्हा हा देवालय शब्द जराही परका वाटत नाही.

## नावांच्या यादीत न दिसणारं चर्च

आसन, मान, नवस यांच्या गोष्टी करताना ज्याला कसलंच बिरुद नाही ते चर्च राहून जातं. ते म्हणजे धर्मग्रामाचं चर्च, गोव्यात फिर्गजेची इगर्ज. पोलीस ठाण्याची जशी हद्द असते तशी धर्मग्रामाची असते. माणूस रविवारी मिस्सेला कुठेही जाईल, पण बाप्तिस्मा, लग्न, मरण ही साधारणपणे आपल्या धर्मग्रामाची कामं.

तिथल्या कचेरीत बाप्तिस्म्याची वही असते. बाळाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, धर्ममातापिता, धर्मगुरूंची सही. कडेला मोकळी जागा सोडलेली असते. कॅथलिक चर्चचा नियम असा की मूल मोठं होऊन कुठेही लग्न करो, तिथल्या धर्मगुरूंनी बाप्तिस्मा झालेल्या मूळ धर्मग्रामाला कळवायचं. मग पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या त्या ओळीच्या कडेला, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात, लग्नाची नोंद होते. वसईत बाप्तिस्मा झालेली मुलगी नाशिकला लग्न करते तेव्हा वसईची ती जुनी वही उघडली जाते.

म्हणून आजीच्या जन्माचा दाखला शोधत निघालेल्या नातवाने से कॅथेड्रल, बॉम जेझू किंवा मोत माउलीच्या दारात उभं राहून उपयोग नाही. आजीचं माहेर कोणत्या धर्मग्रामात होतं ते आधी घरातल्या कोणाला तरी विचारावं आणि त्या गावाच्या इगर्जीत जाऊन वही मागावी.